ब्याऐंशी किलोचा शिंगाळा

बुडापेस्ट,
४ फेब्रुवारी २०१३

प्रिय पिरोश्काताई,

काम निघालं की मगच मी पत्र लिहितो, असं तू मागच्या नाताळात माझ्या आईच्या देखत म्हणालीस. आरोप मान्य. आजही कामच निघालं आहे आणि ते तुला आवडणार नाही, म्हणून आधी हवापाणी. डॅन्यूब गोठलेली नाही, माझा गुडघा गोठला आहे. यंदा संस्कृतच्या वर्गात चार विद्यार्थी आहेत. त्यांतले दोघे योगासनांचा वर्ग समजून आले होते. एकाला खरं कळलं, दुसरा अजून आसनाची वाट पाहतो आहे.

आता काम. आम्हा गच्चीवाल्यांच्या मंडळाला यंदा तीस वर्षं होतात. पहिल्या सातांत तूही होतीस. विमानतळाच्या गच्चीवर थंडीत कोपराला कोपर लावून उभं राहायचं आणि विमानाच्या अंगावरचा आकडा वहीत उतरवायचा, एवढाच आपला उद्योग. कॅमेरा काढणं हा गुन्हा, म्हणून वही. आता मंडळात त्रेचाळीस माणसं आहेत, प्रत्येकाकडे कॅमेरा आहे आणि वही फक्त माझ्याकडे. तीस वर्षांतल्या न विसरता येणाऱ्या विमानांचं एक पुस्तक छापायचं ठरलं आहे. डाव्या पानावर कुणी, कुठे, कधी पाहिलं ते. उजव्या पानावर फोटो.

माझ्या वहीत पहिल्या क्रमांकावर तू आहेस. रविवार, १० मे १९८७, तिसाव्हार. नदीच्या अलीकडच्या काठावरून, पलीकडच्या रशियन तळावर उतरताना दिसलेलं महाकाय मालवाहू विमान, आकडा ८२ ने सुरू होणारा. आमच्यापैकी कुणीही तोवर तसलं धूड पाहिलं नव्हतं, आणि त्या तळावर तर तुझ्यानंतरही कुणी पाहिलं नाही.

अडचण उजव्या पानाची आहे. पुस्तक-समितीचा प्रमुख लेव्हेन्ते नावाचा एकतीस वर्षांचा इंजिनियर आहे. त्याच्या कॅमेऱ्याचं भिंग त्याच्या हाताहून लांब आहे. मनाने चांगला, पण त्याचं एक सूत्र आहे: फोटो नाही, विमान नाही. जुन्या सूत्रकारांनाही हेवा वाटावा इतकं आटोपशीर. मी त्याला समजावलं की बाबा रे, प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द अशी प्रमाणं आहेत; भरवशाच्या माणसाचा शब्द हेही प्रमाणच. तो नम्रपणे म्हणाला, "सर, तेव्हा चांगले कॅमेरे नव्हते, म्हणून शब्द चालायचा." पुण्यात दोन वर्षं शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून न्याय शिकलो, तो या ठिकाणी उपयोगी पडला नाही.

तेव्हा, तुझ्याकडे काही पुरावा आहे का? फोटो नाही हे मला ठाऊक आहे. माझाच कॅमेरा तू नेला होतास आणि त्याने विमान सोडून नदीचा तळ पाहिला. भित्र्या माणसाच्या हाती कॅमेरा देऊ नये हे मी तेव्हाच शिकलो. रागावू नकोस. दरवर्षी म्हणतो, यंदाचं राहिलं होतं.

तुझा मावसभाऊ,
बर्तलान

&nbsp;

तिसाव्हार,
१२ फेब्रुवारी २०१३

बर्ती,

तुझं पत्र सोमवारी आलं. पोस्टात शिक्का मीच मारते, त्यामुळे अक्षर ओळखून उघडायच्या आधीच चिडून घेतलं. वेळ वाचला.

पुरावा हवा आहे ना? मासे पकडल्याची माझी वही सोबत नक्कल करून पाठवते. १९८७ सालची. तुझ्या इंजिनियरला माहीत नसेल तर सांग: आमच्याकडे मासेमारीच्या परवान्याबरोबर ही वही मिळते आणि गळाला लागलेला प्रत्येक मासा तीत लिहावाच लागतो. तळाची विमानं साध्या वहीत लिहिली आणि कुणी झडती घेतली तर तुरुंग. म्हणून ती माशांच्या वहीत माशांच्या नावाने लिहायची, ही अक्कल तूच काढली होतीस. लढाऊ विमान म्हणजे कार्प, हेलिकॉप्टर म्हणजे वाम, मालवाहू म्हणजे शिंगाळा. अंगावरचा आकडा म्हणजे वजन. कॉलेजात गेल्यावर माणसं इतकी हुशार होतात की गावाकडच्यांनी घाबरावं.

दहा मेची ओळ वाच. शिंगाळा, ब्याऐंशी किलो. पुढे आमिषाचा रकाना आहे, त्यात लिहिलंय: चोवीस गांडुळं. मी चाकं मोजली होती. मी काठालगत होडीत होते; उतरताना ते माझ्या डोक्यावरून इतक्या खालून गेलं की वल्ही आपोआप सुटली. बदकं उडाली नाहीत, बुडाली. शेजारच्या मार्गितच्या दोरीवरची चादर आमच्या आक्रोडाच्या झाडावर आली आणि ती अजून म्हणते की मी चोरली. मग पलीकडे ते थांबलं, त्याने नाक वर उचललं आणि तोंड उघडलं. समोरून. आपल्या कोठाराचं दार उघडावं तसं. आतून एक ट्रक चालत बाहेर आला.

हे मी पाहिलं. "बहुधा" असं लिहून मागशील तर देणार नाही. "माझ्या आठवणीप्रमाणे" असंही नाही. पाहिलं.

पिरोश्का

&nbsp;

बुडापेस्ट,
१ मार्च २०१३

प्रिय ताई,

समितीची बैठक काल झाली. तुझी नक्कल मी अगदी सभ्यपणे टेबलावर ठेवली. लेव्हेन्तेने ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाला, "सर, हा मासा आहे."

मी म्हटलं, हा मासा नाही, सांकेतिक लिपी आहे. तो म्हणाला, की नदीकाठी राहणाऱ्या बाईने माशांच्या वहीत शिंगाळा लिहिला असेल तर साध्या माणसाने तो शिंगाळाच समजायला हवा. दुर्दैवाने हे अनुमान निर्दोष आहे. चोवीस गांडुळांचं सांगितलं, तर एक सभासद म्हणाला की ब्याऐंशी किलोच्या माशाला चोवीस कमीच पडतील. मंडळी फार हसली. मीही थोडा हसलो. तिथे न हसणारा मी एकटाच उरलो असतो.

पण मी हात हलवत परत आलेलो नाही. तडजोड काढली आहे. तुझी नोंद राहील, पण मागच्या पानांत, बारीक टाइपात, क्रमांकापुढे एक चांदणी काढून. चांदणीचा अर्थ तळटीपेत: "पुष्टी झालेली नाही." मला वाटतं हे घ्यावं. चांदणी काही वाईट वस्तू नाही. आपण आयुष्यभर आकाशाकडे बघतच आलो.

एक विचारू? सव्वीस वर्षांत सरळ विचारलं नाही, नुसती थट्टा केली. कॅमेरा तुझ्या गळ्यात होता. विमान डोक्यावर, मग समोर, तोंड उघडून. आजूबाजूला कुणी नाही. एक बोट दाबायचं होतं. का नाही दाबलंस?

बर्तलान

&nbsp;

तिसाव्हार,
९ मार्च २०१३

बर्ती,

चांदणी त्याच्या कपाळावर लाव.

मी कुठल्याही पुस्तकात मागच्या पानांत बसायला येणार नाही. ठेवायची तर पहिल्या क्रमांकावर ठेवा, नाहीतर काढून टाका. काढून टाकलंत म्हणून ते विमान परत वर जाणार नाही. उतरलं ते उतरलं.

आणि तुम्ही हसलात ना, मग मलाही एक हसण्याची गोष्ट सांगू दे. त्या जूनमध्ये मासेमारी संघाचा तपासनीस काठावर आला, माझी वही बघितली आणि दहा मेच्या ओळीवर बोट ठेवलं. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत शिंगाळ्याला बंदी असते. तुझ्या लिपीत सगळं होतं, बंदीचा काळ तेवढा नव्हता. राजधानीतल्या माणसाला मासा ताटात भेटतो, त्याला कुठलं माहीत असणार, आणि मी इकडची असून लिहिताना मला सुचलं नाही.

माझी चौकशी झाली. मला विचारलं, हे काय? मी म्हटलं, वहीत आहे ते आहे. माझा परवाना तीन वर्षं बंद झाला. तीन वर्षं मी नदीकाठी राहून बाजारातून मासा आणला. तुला मी तेव्हा कळवलं होतं की संघाच्या अध्यक्षाशी भांडण झालं म्हणून. तू विश्वास ठेवलास, कारण माझं कुणाशीही भांडण होऊ शकतं हे तुला पटतं.

आणि गाव. गावाला वाटलं, पिरोश्काने ब्याऐंशी किलोचा मासा धरला आणि शेजारी रश्शाची एक वाटी फिरवली नाही. आमच्याकडे माणूस मेला तरी लोक विसरतात, वाटी न आलेली विसरत नाहीत. मार्गित सव्वीस वर्षं माझ्याशी "पत्र आलंय का" याच्या पुढे बोललेली नाही. परवासुद्धा रांगेत उभी राहून मागच्या बाईला म्हणाली, "काही लोकांची भांडी मोठी असतात, मन नाही."

आता बघ. मासेमारी संघाने ना फोटो मागितला, ना मासा. माझ्या हातची एक ओळ वाचली आणि खरी मानली. खरी मानली म्हणून तर शिक्षा दिली. तुमच्या त्रेचाळीस जणांना माझ्या शब्दाची तेवढीही किंमत नाही. तुझ्या प्रमाणांच्या यादीत हे कुठे बसतं ते शास्त्रीबुवांना विचार.

कॅमेऱ्याचं विचारू नकोस. आणि भित्री म्हणणं यंदापासून बंद.

पिरोश्का

&nbsp;

बुडापेस्ट,
५ एप्रिल २०१३

ताई,

विचारू नकोस म्हणालीस, म्हणून तुला विचारलं नाही. जिल्ह्याच्या गावी जाऊन मासेमारी संघाच्या कचेरीत विचारलं. तिथल्या बाईंनी तळघरातून एक पुठ्ठ्याची पेटी आणून दिली आणि परत करताना सुतळी तशीच बांधा म्हणाल्या. मी परवाना बंद केल्याचा आदेश शोधत होतो. लेव्हेन्तेच्या तोंडावर फेकायला एक शिक्का मिळेल एवढाच माझा विचार होता.

आदेशाखाली चौकशीचा कागद टाचलेला आहे. १७ जून १९८७. हजर: संघाचे तिघे, आणि आणखी एक, ज्याच्यापुढे नाव नाही, हुद्दा नाही. संघाच्या तिघांनी माशाबद्दल दोन प्रश्न विचारले आहेत. त्या चौथ्याने एकच प्रश्न तीनदा विचारला आहे. त्या दिवशी तुमच्याजवळ कॅमेरा होता का? उत्तर तिन्ही वेळा तेच. नाही. खाली शेरा: "संशयास आधार सापडला नाही. प्रकरण मासेमारीपुरते."

मी तो कागद वाचत बसलो आणि मला माझा कॅमेरा आठवला. तुला दिला तो. त्याच्या कातडी खोळीच्या झाकणाला आतून माझ्या आईने शाईने लिहिलं होतं: माझं नाव, वसतिगृह, खोली क्रमांक. हरवला तर परत मिळावा म्हणून. माझ्या लेंग्यांवरही ती तेच लिहायची.

पुण्याला जायच्या पासपोर्टसाठी मी तेव्हा अर्ज केलेला होता, हे तुला ठाऊक होतं. तो पासपोर्ट मिळाला २९ जूनला. तारीख चुकणार नाही, तो अजून खणात आहे. ऑगस्टमध्ये मी पुण्याला गेलो. तळाचा एक फोटो त्या रिळावर निघाला असता, किंवा नुसती ती खोळ त्या टेबलावर आली असती, तर मी पुण्याऐवजी कुठे गेलो असतो हे दोघांनाही कळतं. मला जे काही येतं, ज्याच्या जोरावर मी चार पोरांपुढे मान ताठ करून उभा राहतो आणि तुला पत्रांतून प्रमाणं शिकवतो, ते सगळं तू न दाबलेल्या त्या बटणावर उभं आहे. आणि मी तुला सव्वीस वर्षं भित्री म्हणालो. दरवर्षी. न चुकता, सणासारखं.

यावर थट्टा सुचत नाही. सुचेल तेव्हा कळवीन.

कागद मी कुणालाही दाखवलेला नाही. तो तुझा आहे. सुतळी बांधून परत केला. समितीला मात्र सांगून आलो की पुस्तकात माझे अकरा फोटो होते, ते मी काढून घेतो. लेव्हेन्तेने कारण विचारलं. मी म्हटलं, जिथे माझ्या बहिणीचा शब्द चालत नाही तिथे माझी चित्रं चालवायची नाहीत. पहिल्या सातांतले आम्ही चौघे शहरात उरलो आहोत; बाकी तिघांनी तिथेच आपापली फोटोंची पाकिटं उचलली. पुस्तकाची एकोणीस उजवी पानं कोरी झाली. लेव्हेन्ते पांढरा पडला. म्हणाला, "सर, तुम्ही नियम मोडताय." मी म्हटलं, छे, पाळतोय, फोटो नाहीत, तेव्हा ती विमानंही नव्हतीच.

मग तो म्हणाला, मी करू तरी काय? मी त्याला तुझ्या गावच्या गाडीची वेळ लिहून दिली. येईल किंवा नाही येणार. आला तर जेवल्याशिवाय बोलू नकोस. तोही माणूस आहे.

बर्तलान

&nbsp;

तिसाव्हार,
३० एप्रिल २०१३

बर्ती,

तुझा इंजिनियर रविवारी आला. सकाळच्या गाडीने, गळ्यात ते तोफेसारखं भिंग अडकवून. स्टेशनवरून पोस्ट विचारत आला आणि रस्त्यात विचारलं कुणाला, तर मार्गितला. तिने त्याला माझ्या दारापर्यंत आणून सोडलं. आत काय होतंय ते बघायला हवंच होतं.

मी त्याला काठावर नेलं. कुठे होडी होती, कुठून विमान आलं, पलीकडे कुठे थांबलं, सगळं दाखवलं. पलीकडे आता सूर्यफुलं पेरतात. तो शांतपणे ऐकत होता. मग विचारलं, "मावशी, एवढ्या जवळून दिसत असताना तुम्ही फोटो का काढला नाहीत?" मी म्हटलं, माझी मर्जी. तो म्हणाला, मग पुस्तकाचं कसं करायचं? मी म्हटलं, ती तुझी मर्जी.

मार्गित मागे उभी होती. विमान हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा या प्रकरणात ऐकला. "म्हणजे मासा नव्हताच?" म्हणाली. नव्हता. "कधीच?" कधीच. ती तिथेच काठावर बसली. सव्वीस वर्षांचा राग एकदम ठेवायचा कुठे, हा तिचाही प्रश्न होता. मग उठून घरी गेली आणि पातेलं घेऊन आली. कार्पचा लाल रस्सा, बंदी लागायला चार दिवस बाकी असतानाचा. पहिला वाडगा मला दिला, दुसरा त्याला. "आधी खा," म्हणाली, "मग भांडा. आणि माझी चादर?" चादरीचं मी पुढच्या वर्षी सांगणार आहे.

आता नीट वाच. तो काठावर उभा, दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला गरम वाडगा, भिंग पोटावर लोंबतंय. आणि पुलाच्या बाजूने आवाज आला. मी मान वर न करता सांगितलं, दोन इंजिनं, जुनी, पंख्याची. झाडांच्या शेंड्याला लागून आलं ते. रुपेरी, शेपटीकडे झुकलेलं, माझ्या बापाच्या तरुणपणातलं विमान. कुठल्या तरी जत्रेला किंवा संग्रहालयाला निघालं असेल. आमच्यावरून गेलं तेव्हा खिडकीतला माणूस हात हलवत होता. वाडगा ठेवायला जागा नाही, खाली चिखल, आणि मार्गित समोर उभी. तिच्या देखत रस्सा सांडायची त्याची छाती झाली नाही. कुणाचीच झाली नसती. तो नुसता तोंड उघडं टाकून वळत राहिला, आणि ते पॉपलरच्या झाडांच्या रांगेमागे गेलं.

मग तो माझ्याकडे वळला. चेहरा असा, की देवळातून आला असावा. "मावशी, पाहिलंत? शेपटीवरचा आकडासुद्धा वाचला मी."

मी म्हटलं, "कशाचा आकडा?"

"विमानाचा."

"फोटो?"

त्याने पोटावरच्या भिंगाकडे पाहिलं.

"मग विमान नव्हतं, बाळा. रस्सा पी, निवतोय."

मार्गितला त्याने साक्षीला धरलं. ती म्हणाली, "मी काही पाहिलं नाही. मी बघत होते हा वाडगा संपवतो की नाही."

त्याने संपवला. दुसरा मागितला. गाडीत बसताना म्हणाला की ते विमान तो पुस्तकात घालणार, शेवटच्या पानावर, फोटो असो नसो, कारण ते होतं. मी म्हटलं, जरूर घाल, पण पहिल्या पानावर माझं, शेजारी उजवं पान कोरं, आणि चांदणी कुठेही नाही. नाहीतर तुझ्या विमानापुढे मी स्वतः येऊन चांदणी काढीन, पोस्टाच्या शाईने. तो हसला नाही. वही काढली आणि लिहून घेतलं. वही होती त्याच्याकडे. नवीन घेतलेली, पहिलंच पान.

तुझ्या पत्राचं उत्तर देत नाही. तू तुझ्या वर्गात काय शिकवतोस ते मला समजत नाही. समजलं असतं तर कदाचित बटण दाबलं असतं. तुझे फोटो त्यांना परत दे. आणि भित्री म्हणायचं पुन्हा सुरू कर, यंदा एप्रिल कोरडा गेला.

सोबत पार्सल आहे. जपून सोड. कॅमेरा नदीत पडला नव्हता, पिठाच्या डब्यात होता. ते लोक नदीत शोधतील, पिठात शोधणार नाहीत, हे मला माहीत होतं, आणि नंतर तुला सांगायचं राहिलं ते राहिलंच. रीळ आत तसंच आहे, नऊ फोटो काढायचे शिल्लक. खोळीवरची मावशीची शाई अजून स्पष्ट वाचता येते. त्या कॅमेऱ्याबद्दल मी दोघांशी खोटं बोलले, एकदा त्यांच्याशी आणि एकदा तुझ्याशी. विमानाबद्दल कुणाशीच नाही.

पार्सलवर शिक्का मी स्वतः मारला, मार्गितच्या समोर. फोटो काढलेला नाही.

पिरोश्का